खडूची रेघ

“आधी गाडीले आंघोळ घाला, मंग माया हाती द्या,” असे सूर्यभान इंगोले एकदा एका ट्रकमालकाला म्हणाला, आणि पुढची चौतीस वर्षे तेच वाक्य त्याच्या गॅरेजचा कायदा झाले.

बडनेऱ्याहून अमरावतीत शिरताना उजव्या हाताला त्याचे टिनाचे शेड आहे. शेडच्या आधी सिमेंटचा एक उतार, त्याला लागून पाण्याची टाकी, मोटर आणि जाड पाइप. येणारी गाडी प्रथम तिथे उभी राहते. वरचा रंग कसाही असो, सूर्यभानला त्याच्याशी देणेघेणे नाही. तो खालून धुवायला लावतो. चेसीचे दोन लांब दांडे, त्यांना धरणाऱ्या आडव्या पट्ट्या, स्प्रिंगचे पाटे, धुरा, चाकांच्या मागचे अंधारे कोपरे. पाणी आधी काळे येते, मग तपकिरी, मग नितळ. नितळ आल्याशिवाय तो पोत्यावर पडून गाडीखाली सरकत नाही. चिखलाखालचे लोखंड खोटे बोलते, असे त्याचे म्हणणे.

हे त्याला कोणी शिकवले नव्हते. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात त्याच्या बापाची नऊ एकर काळी जमीन होती. पावसाळ्यात ती माती बैलबंडीच्या चाकांना अशी धरायची की चाक फिरते आहे की माती फिरते आहे, ते कळू नये. बाप ती तशीच राहू द्यायचा. उद्या पुन्हा लागणारच. सूर्यभान मात्र संध्याकाळी खुरपे घेऊन खरडत बसे. नववीत असताना अशाच एका संध्याकाळी त्याला चाकाजवळ, आसाच्या लोखंडात, केसाएवढी चीर दिसली. बापाने वाकून पाहिले, चिरेवरून बोट फिरवले, आणि दुसऱ्या दिवशी कापूस भरलेली बंडी जुंपली नाही. शाबासकी दिली नाही. पण त्यानंतर बंडी धुवायचे पाणी तो स्वतः विहिरीतून शेंदून देऊ लागला.

विसाव्या वर्षी सूर्यभान अकोल्याला खुशालरावांच्या गॅरेजात लागला. कापसाच्या गाठी वाहणारे ट्रक तिथे येत. अकरा वर्षे तो बहुतेक वेळ पाठीवर पडून जगला. उभ्या माणसांचे जग त्याला पायांवरून ओळखू येई. कोण घाईत आहे, कोण दुसऱ्याची गाडी आपली म्हणून घेऊन आला आहे, कोण नुसताच सावलीला थांबला आहे, हे चपलांवरून कळे. खुशालरावांनी त्याच्या हातात छोटी हातोडी दिली आणि त्याला ऐकायला लावले. घट्ट रिवेट टणक बोलतो. ढिला बोबडा बोलतो. तडा गेलेला पाटा नुसता कण्हतो.

“कानाचं आयक, हाताचं आयक,” खुशालराव म्हणायचे. “डोयाचं नको आयकू. डोया लय लवकर हो म्हनते.”

मग त्याने अमरावतीला स्वतःचे शेड टाकले. शेडच्या मागे दोन खोल्या, तिथे बायको आशाबाई आणि मुलगी आरती. इंजिन, वायरिंग, रंग यांतले काहीही तो करत नसे. गाडीच्या पोटाखालचे तेवढे त्याचे. आरती दहावीत असताना तिने सुट्टीत एक पत्रा पांढरा रंगवला आणि त्यावर सुबक काळ्या अक्षरांत लिहिले: ‘इथून गेलेली गाडी परत येत नाही.’

समोर बंडूचे टायरचे दुकान. बंडूने रस्ता ओलांडून तो बोर्ड वाचला आणि म्हणाला, “भाऊ, हे गॅरेजवर लावाचं हाय का मसनात?”

सगळे हसले. सूर्यभानही हसला. पण पत्रा त्याने उतरवला नाही. नवे काम घेऊन जुनी गाडी यायची, तो धंदाच होता. केलेल्या कामाची तक्रार घेऊन मात्र एकही गाडी त्या उतारावर पुन्हा चढली नव्हती. आरती लग्न होऊन नागपूरला गेली, पत्र्याच्या कडा गंजल्या, तरी ते वाक्य खरे राहिले.

ते खरे राहिले, यंदाच्या दसऱ्यापर्यंत.

भाद्रपदात एक दिवस त्याच्या दारात एक उंच, फिक्या निळ्या रंगाची बस येऊन थांबली. खिडक्यांना पडदे होते. ड्रायव्हरच्या जागेवरून साठी ओलांडलेल्या एक बाई उतरल्या आणि दुसऱ्या बाजूने चष्मा सावरत एक गृहस्थ. त्या कुंदा मॅडम, शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवलेल्या. गृहस्थ म्हणजे त्यांचे यजमान, मोरोपंत सर. भूगोल शिकवायचे, पण त्यांना सायकलही धड चालवता येत नसे. निवृत्तीनंतर मॅडमनी मोठी गाडी चालवायचा परवाना काढला, शाळेची एक जुनी बस विकत घेतली आणि आतली बाकडी काढून तिचे घर केले. कारण एकच होते. मुलगी अदिती घाटापलीकडे धारणीला डॉक्टर होती. तिचे क्वार्टर एका खोलीचे. आईवडील गेले की ती स्वतः व्हरांड्यात झोपायची. मॅडमनी ठरवले की यापुढे तिच्याकडे जाताना आपले घर आपण बरोबर न्यायचे. कोजागरीचे दूध तिच्या अंगणात, स्वतःच्या ओट्यावर आटवायचे.

“हे काय हाय?” सूर्यभानने विचारले.

“घर,” मॅडम म्हणाल्या.

“थे वरतं. खाली?”

“खाली काय आहे ते तुम्ही सांगायचं.”

त्याला ते उत्तर आवडले. त्याने गाडी उतारावर घ्यायला लावली. दीड तास पाणी चालले. मग तो पोते घेऊन खाली गेला आणि जेवायच्या वेळेपर्यंत नुसती टकटक ऐकू येत राहिली.

बस दोन वर्षे एका आवारात उभी होती. लोकांना वाटते, चालली नाही म्हणजे झिजली नाही. पण उभ्या गाडीचे सील वाळतात, टायर एकाच जागी दबून चपटे होतात, ब्रेक गंजून धरतात. चेसीच्या डाव्या दांड्याला, नवीन घराची चौकट जिथे वेल्डिंगने जोडली होती तिथे, ताण धरला होता. सूर्यभानने खोक्याच्या पुठ्ठ्यावर सगळे लिहून काढले आणि मॅडमना बाजारातल्या धर्मकाट्यावर जाऊन आधी पुढची चाके, मग मागची चाके वेगळी तोलून आणायला सांगितले. आकडे पाहून तो आत चढला.

“मॅडम, हे मांगं काय ठुलं?”

“ओटा.”

“गाडीत कडाप्पा?”

“प्लायवुडवर मी पोळ्या लाटणार नाही.”

“आन् हे कपाट?”

“ती माझी पुस्तकं,” मोरोपंत म्हणाले.

“म्हंजे दोघाईनं मिळून एक बैल मांगच्या चाकाच्याबी मांगं बसवला. मांगं बैल बसला का म्होरलं अंग उचलते. स्टेरिंग हलकं लागते. तुमाले वाटन, वा, काय हलकं चालते! आन् घाटात वळनावर गाडी सरळ जाईन.”

“मग काय, कडाप्पा काढू?” मॅडमचा आवाज वर्गात ऐकू यावा तसा झाला.

“काढा नोका. म्होरं आना. मांगच्या चाकाच्या अलीकडं. पुस्तकं पलंगाखाली, इंजिनाच्या बाजूनं.”

ओटा चार फूट पुढे सरकला. मॅडम जिंकल्या आणि सूर्यभानही. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत त्याने त्या घराचे पोट नवे केले. पाटे उतरवले, एकेक पान सोडवून घासले, वंगण लावून पुन्हा बांधले. चेसीला जिथे ताण होता तिथे वेल्डिंग तोडून बोल्ट घातले, मध्ये जाड रबर ठेवले. चाके जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहिली. मॅडम रोज अकराला येत, वही घेऊन. कुठे ग्रीस भरायचे, किती दिवसांनी, कोणता नट आधी ढिला होतो, सगळे उतरवून घेत. एकदा त्या साडीवरूनच पोत्यावर पडून खाली आल्या. सूर्यभान म्हणाला, “मॅडम, चौतीस वर्षांत कोनताच मालक इथं खाली आला नाई.”

“मालक घरात राहतात,” मॅडम म्हणाल्या. “मला ते चालवायचंय.”

शेवटचे काम शाफ्टचे राहिले. गिअरबॉक्सपासून मागच्या धुऱ्यापर्यंत एक लोखंडी नळ फिरत जातो. इंजिनाची ताकद तो चाकांपर्यंत पोचवतो. लांब गाडीत तो दोन तुकड्यांचा असतो आणि एक तुकडा दुसऱ्यात दात्यांनी बसतो. दोन्ही तुकडे एकत्र जोडून, फिरवून, त्यांचा तोल साधलेला असतो. म्हणून सोडवण्याआधी दोन्हींवरून मिळून एक खूण करायची आणि जोडताना खुणेला खूण लावायची. अर्धा फेर चुकला, तरी शाफ्ट डोळ्याला तितकाच सरळ दिसतो. फक्त तोल गेलेला असतो.

सूर्यभान एरवी पंच ठोकून लोखंडावर ठिपके करायचा. त्या दिवशी त्याने खडूची रेघ मारली. संध्याकाळपर्यंत जोडायचाच होता. पण शाफ्टच्या सांध्यांत घालायचे क्रॉस त्याला अमरावतीत मनासारखे मिळाले नाहीत. दोन्ही तुकडे पोत्यावर ठेवून, रेघ वर करून, दुसऱ्या सकाळी तो ते आणायला रेल्वेने अकोल्याला खुशालरावांच्या गॅरेजात गेला. त्या दिवशी खंडेनवमी होती.

खंडेनवमी हा आशाबाईचा दिवस. वर्षभर ती गॅरेजातल्या लोखंडाला हात लावत नसे. त्या एका दिवशी मात्र प्रत्येक पाना, जॅक, हातोडी, पक्कड तिच्या हातून जायची. रॉकेलमध्ये बुडवून, ब्रशने घासून, फडक्याने कोरडी करून ती पोत्यांवर ओळीने मांडायची. मग झेंडू, हळद, कुंकू. आधी आंघोळ, हे तिनेही नवऱ्याकडूनच घेतले होते. यंदा पोत्यावर दोन लांब, वंगणाने माखलेले नळ होते. तिने ते चकचकीत होईपर्यंत घासले. सूर्यभान चेसीला लावतो तो काळा रंग डब्यात उरला होता, त्याचा एक हात दिला. रंग वाळल्यावर दोन्हींवर कुंकवाची बोटे ओढली.

संध्याकाळी बडनेऱ्याला उतरून तो आला. आशाबाई दारातच उभी होती.

“कसं झालं?”

त्याने पाहिले. रेघ नव्हती. तिच्या खाली लोखंडावर कारखान्याची काही जुनी खूण असलीच, तर तीही रंगाखाली गेली होती. झेंडूच्या वासाने शेड भरून गेले होते आणि आशाबाईच्या नखांत अजून काळा रंग होता.

“मस्त,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, त्याने क्रॉस बसवले. मग एक डोळा मिटून नळाच्या लांबीवरून नजर टाकली. शाफ्ट दोन तऱ्हांनी सरळ बसत होता. पंच ठोकलेला असता तर एकच तऱ्हा उरली असती. तो थोडा वेळ तसाच उकिडवा बसून राहिला. मग एक तऱ्हा निवडली आणि नट आवळले.

दुपारी मॅडम गाडी घेऊन गेल्या. बॉनेटवर हार होता. जाताना त्यांनी आशाबाईच्या हातात सोने ठेवले, आपट्याची दोन पाने, आणि दोघी एकमेकींच्या पाया पडल्या.

एकादशीला, चहाच्या वेळेला, निळी बस पुन्हा उतारापाशी येऊन थांबली. मॅडम एकट्याच होत्या. बंडू आणि आणखी दोघेतिघे शेडमध्ये बाकावर चहा पीत बसले होते.

“सूर्यभानभाऊ, नांदगावपर्यंत जाऊन आले. पंचावन्नला गाडी थरथरते.”

“रस्ता तसाच हाय मॅडम तो.”

“रस्ता जाताना तोच होता आणि येताना तोच. पन्नासला थरथर नाही. पंचावन्नला येते. पासष्टच्या पुढे कमी होते. चार वेळा पाहिलं.”

“टायरकडं पाहू नोका,” बंडू म्हणाला. “टायर मी देल्ले. गोल हायत. मोजून घ्या.”

बाकावर हसू पसरले. बंडूने मान वर करून पत्र्याकडे पाहिले.

“भाऊ, बोर्ड उतरवा आता. आली ना गाडी परत.”

सूर्यभानने चहाचा कप खाली ठेवला. त्याला माहीत होते. पहिल्या वाक्यालाच कळले होते, कुठला आकडा कशाचा ते. पण बाकावरची माणसे त्याच्याकडे पाहत होती आणि चौतीस वर्षे डोक्यावर लटकत होती.

“गाडी नाई आली बे,” तो म्हणाला. “मॅडम आल्या परत. त्याइले करमत नाई आपल्याबिगर.”

सगळे मोठ्याने हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी किल्ली मुठीत धरली.

“एकतीस वर्षं मागच्या बाकावरचं हसू ऐकलंय मी,” त्या म्हणाल्या. “त्यानं उत्तर बदलत नाही.”

आणि गाडी वळवून निघून गेल्या.

रात्री ताटावर बसल्यावर आशाबाईने विचारले, “आवो, त्या नळावरचं माया हातून काही पुसल्या गेलं का?”

“जेव.”

“रेघ होती का खडूची? घासताना पांढरं पांढरं दिसलं होतं मले.”

त्याने भाकरीचा तुकडा मोडला.

“मी सांगून देतो मॅडमले,” ती म्हणाली. “म्या धुतलं म्हनून झालं, म्हनतो. मले कोन काय म्हनते? तुमचं नाव राहीन.”

“तू काहून सांगशीन? धुवाचं कोनं शिकवलं तुले?”

आशाबाईने त्याच्या ताटात भाजी वाढली. द्वादशीला आलेल्या एका स्वच्छ टेम्पोला त्याने दोनदा धुवायला लावले. छोटी हातोडी हातात घेऊन शेडच्या खांबाला उगाच ठोकत राहिला.

त्रयोदशीला सकाळी तो सायकल काढून साईनगरात मॅडमच्या दारी गेला. त्या कुंडीला पाणी घालत होत्या.

“चाला,” तो म्हणाला. “मी मांगं बसतो.”

नांदगाव खंडेश्वरचा रस्ता. मॅडम चालवत होत्या, शेजारी मोरोपंत. सूर्यभान मागे ओट्याजवळ जमिनीवर मांडी घालून बसला होता. त्याने मॅडमच्या मांडणीतला स्टीलचा पेला घेतला, काठोकाठ पाणी भरले आणि कडाप्प्याच्या मधोमध ठेवला.

“बरं झालं कडाप्पा ठुला,” तो ओरडून म्हणाला. “लाकूड आपलंच आपलं हालते. दगड खालचंच सांगते.”

“चाळीस,” मॅडम पुढून म्हणाल्या. “पंचेचाळीस. पन्नास.”

पाण्याला धक्के बसत होते, रस्त्याचे; थोडे पाणी सांडलेही. पण दोन धक्क्यांच्या मध्ये ते काचेसारखे होत होते.

“त्रेपन्न. पंचावन्न.”

पाण्यावर गोल उमटले. काठापासून मध्याकडे, एकात एक, बारीक, न थांबणारे.

“गिअर काढा!”

मॅडमनी गिअर काढला. इंजिनाचा आवाज खाली बसला, गाडी आपल्या ओघाने धावत राहिली. गोल तसेच होते. म्हणजे इंजिन नव्हे. चाके त्याने स्वतः फिरवून पाहिली होती. उरला होता त्याने जोडलेला नळ. गाडीचा वेग उतरला तसे पाणी हळूहळू निवळले.

“थांबवा,” तो म्हणाला.

रस्त्याकडेला शेतात सोयाबीनची मळणी चालली होती. भुसा उडून खिडकीवर येत होता. मॅडम सीटवरून मागे वळल्या.

“थरथर हाय,” सूर्यभान म्हणाला.

“मला माहीत आहे.”

“मलेबी माहीत होतं. शाफ्ट मी अर्धा फेर उलटा बसवला. खडूची रेघ होती, थे पुसल्या गेली. पुसल्या गेलेली मले दिसली. तरी बसवला. डोयानं.”

मळणीयंत्र घरघरत होते.

“घाटात ही गाडी तीसच्या वर जात नाई,” तो पुढे म्हणाला. “सेमाडोहपासून धारणीपर्यंत तुमाले काईच समजलं नसतं. कोजागरी झाली असती, तुमी दूध पेल्ले असते. मंग दोन-तीन महिन्यानं मधलं बेअरिंग गेलं असतं, गिअरबॉक्सचं मांगचं सील गेलं असतं. तुमी जंगलात उभे. आन् मी इथं बोर्डाखाली चहा पेत बसलो असतो.”

मोरोपंतांनी चष्मा काढून पुसला. “आता कळलं ना,” ते म्हणाले. “तुम्ही नीट बसवून द्या, आम्ही परवा सकाळी निघतो. हे आपल्या तिघांत राहू द्या. दुकानात सांगायची काही गरज नाही.”

सूर्यभानने पेला उचलून मोरीत रिकामा केला.

शेडमध्ये आल्यावर त्याने पोते अंथरले आणि आत गेला. तासभर लागला. आधी चार नट, मग मधले बेअरिंग, मग दात्यांतून तुकडा ओढून बाहेर, अर्धा फेर, आणि पुन्हा आत. शेवटी त्याने पंच मागितला. आशाबाईने तो गाडीखाली सरकवला. दोन ठोके ऐकू आले. एक या तुकड्यावर, एक त्या तुकड्यावर.

पुन्हा नांदगावच्या रस्त्यावर. पुन्हा पेला. मॅडम आकडे म्हणत गेल्या: पन्नास, त्रेपन्न, पंचावन्न, अठ्ठावन्न, साठ. मागून काहीच आवाज येईना, तेव्हा त्यांनी आरशात पाहिले. सूर्यभान पेल्याकडे पाहत बसला होता. पाणी दोन धक्क्यांच्या मध्ये स्थिर उभे होते. मग त्याने पेला उचलला आणि ते पाणी पिऊन टाकले.

परतले तेव्हा चहाची वेळ झाली होती. बाकावर बंडू होता, परवाचीच माणसे होती. निळी बस उतारापाशी थांबताना पाहून बंडूने पाय लांब केले.

“काय भाऊ? आज गाडी परत आली का मॅडम?”

“काही नाही हो,” मोरोपंत घाईने उतरत म्हणाले. “निघण्याआधी इथे नारळ फोडायचा राहिला होता.”

त्यांना खोटे बोलायची सवय नव्हती आणि त्यांच्या हातात नारळही नव्हता. आशाबाई मागच्या दारातून पुढे आली. पदर मुठीत धरलेला.

“भाऊ, आयका, त्या दिवशी म्या...”

सूर्यभानने हात वर केला. ती थांबली.

“आली,” तो म्हणाला. “गाडी परत आली. शाफ्ट मी उलटा बसवला होता. मॅडम परवा जे बोलल्या, थे खरं होतं. मी जे बोललो आन् तुमी जे हासले, थे खोटं होतं.”

“उलटा? तुमी?” बंडूचे पाय आपोआप आत आले. “खूण नोती का?”

“रेघ होती. पुसल्या गेली.”

“कोनं पुसली?”

“मी,” सूर्यभान म्हणाला. “लोखंडावर खडूनं मारली, म्हंजे मीच पुसली.”

आशाबाई दाराच्या चौकटीला टेकली. मॅडम गाडीच्या पायरीवर किल्ली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी काही म्हणायला तोंड उघडले, पण सूर्यभान फळीकडे वळला होता. खंडेनवमीला उरलेला काळ्या रंगाचा डबा तिथे होता. त्याने झाकण उचकटले, स्टूल ओढले आणि पत्र्याखाली उभा राहिला.

आरतीची अक्षरे अजून सुबक होती. इथून गेलेली गाडी परत येत नाही. त्या ओळीखाली, मध्ये जागा सोडून, तो लिहू लागला. लिहायची सवय नव्हती. काना वाकडा आला, रंगाचा एक ओघळ खाली उतरला. रस्त्यावरून एक ट्रक गेला तेव्हा पत्रा हलला. तो थांबला, पत्रा स्थिर झाल्यावर पुन्हा ब्रश टेकवला.

एक आली.

त्याने मागे सरकून ते वाचले. खाली उतरला. डब्याचे झाकण दाबून बसवले, ब्रश रॉकेलात उभा ठेवला, टाकीच्या नळाखाली हात कोपरापर्यंत धुतले आणि फडक्याला पुसले. मॅडम पायरीवरून खाली उतरल्या आणि त्याच्या वाटेत न येता बाजूला उभ्या राहिल्या, वर्गात कोणी मोठे आल्यावर उभे राहावे तशा. बंडूने बाक थोडा मागे ओढून वाट केली. चौतीस वर्षे पोत्यावर घासलेली ती पाठ ताठ होती. सूर्यभानने कोणाकडे पाहिले नाही. पत्र्याखालून, उतारावरून, ओल्या सिमेंटवर पाय देत तो रस्त्याला लागला आणि मॅडमच्या दारी राहिलेली सायकल आणायला बडनेऱ्याच्या दिशेने चालत गेला.